पोर्ट्रेटसाठी कॅमेऱ्याचा ब्रँड बदलण्याआधी

‘त्या कंपनीचे स्किन टोन भारी येतात’ हे ब्रँड बदलण्याचं सगळ्यात जास्त ऐकू येणारं कारण, आणि सगळ्यात लंगडंही. जेपीईजीत, म्हणजे कॅमेऱ्यानंच तयार करून दिलेल्या फोटोत, प्रत्येक कंपनीची छटा वेगळी असते, मान्य. पण रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) शूट करून ग्रे कार्डावरून, म्हणजे करड्या पुठ्ठ्यावरून, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची भरपाई) धरला आणि एडिटिंगमध्ये रंगांचं प्रोफाइल नीट निवडलं, की त्यातला बराचसा फरक विरघळतो.

हळदीचे फोटो बघा. वर पिवळ्या कापडाचा मांडव, त्यातून गाळून येणारं ऊन, बाजूला व्हिडिओवाल्याचा पांढरा एलईडी. एक गाल पिवळाधम्मक, दुसरा निळसर. दोन रंगांचे उजेड एका व्हाइट बॅलन्सनं सुटत नाहीत. मग कॅमेरा कॅनन असो, निकॉन असो की सोनी. नवरीला मांडवाच्या कडेला, उघड्या आकाशाकडे तोंड करून बसवा, फोटोपुरता एलईडी बंद करायला सांगा आणि रिफ्लेक्टर पांढरा धरा. सोनेरी अजिबात नको, पिवळं आधीच पुरेसं आहे.

दुसरी तक्रार: डोळे शार्प येत नाहीत. फुल फ्रेमवर (35 मिमी फिल्मएवढा सेन्सर) 85 मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) एफ/1.8 आणि अंतर दीड मीटर असेल, तर फोकसमध्ये राहणारी जागा जेमतेम 3 सेंमी. चेहरा जरा वळला की पुढचा डोळा शार्प, मागचा मऊ. ते लहान करून एफ/2.8 केलं तर साधारण 5 सेंमी मिळतात. शटर 1/200 सेकंदापेक्षा मंद होऊ देऊ नका. एवढं करूनही डीएसएलआर (आरशावाला कॅमेरा) सतत डोळ्याऐवजी कानावर फोकस करत असेल, तर ट्रायपॉडवरून 45 अंशात तिरकी ठेवलेली मोजपट्टी टिपून बॅक फोकस, म्हणजे फोकस ठरल्या जागेच्या मागे पडतो का, ते तपासा. निकॉन डी7500 मध्ये ही चूक मेन्यूतूनच दुरुस्त होते. डी5600 मध्ये ती सोय नाही.

नाक मोठं दिसतं, ते जवळून काढल्यामुळे. दोन मीटर मागे सरका.

खरा फायदा मिररलेसच्या (बिनआरशाच्या कॅमेऱ्याच्या) आय ऑटोफोकसचा, म्हणजे डोळा ओळखून आपोआप फोकस करण्याचा, पण त्यासाठी कंपनी सोडायची गरज नसते. कॅननच्या अ‍ॅडॉप्टरनं जुन्या ईएफ (डीएसएलआरच्या) लेन्स आर (मिररलेस) बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनवाल्यांनी मात्र जपून: 85 मिमी एफ/1.8 डी सारख्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते, त्यामुळे एफटीझेड अ‍ॅडॉप्टर लावून झेड (मिररलेस) बॉडीवर ती हातानंच फोकस करावी लागते. सेकंडहँड घेताना नेमकं हेच कुणी सांगत नाही!

कंपनी बदललीच, तर लेन्स, बॅटऱ्या आणि फ्लॅशचा ट्रिगर सगळं नव्यानं आलं. शिवाय कॅनन आणि निकॉनच्या झूम रिंग एकमेकींच्या उलट दिशेला फिरतात. घाईच्या कामात बोटं जुन्याच दिशेला वळतात.

तरीही मोह सुटत नसेल, तर दुसरी बॉडी आणि 85 मिमी लेन्स एक दिवस भाड्यानं आणा. तीच व्यक्ती, तीच खिडकी, तेच अंतर, तेच अ‍ॅपर्चर, दोन्हीकडे रॉ. फाइलींची नावं बदलून फोटो अशा माणसाला निवडायला द्या, ज्याला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही. आणि ही चाचणी कुणाच्या लग्नात नको, मोकळ्या दिवशी करा.