मोटर आणि कंट्रोलरचं पटत नाहीये? नवीन पार्ट मागवायच्या आधी हे करून बघा

ई-बाईकचा जुना कंट्रोलर (बॅटरीची वीज मोटरला सोडणारा डबा) उडाला म्हणून नवीन आणला, पिवळ्याला पिवळी हिरव्याला हिरवी निळ्याला निळी वायर जोडली, थ्रॉटल दिला आणि चाक जागच्या जागी घरघर करत झटके देतंय. अशा वेळी सगळ्यात आधी डोक्यात येतं की मोटर गेली. बहुतेक वेळा ती गेलेली नसते, फक्त दोघांची जोडी लागलेली नसते. वायरीच्या रंगांचं कुठलंही पक्कं स्टँडर्ड नाहीये, एका कंपनीचा पिवळा म्हणजे दुसऱ्या कंपनीचा पिवळा असं धरून चालायचंच नाही. म्हणून आधी मीटर मग खरेदी, नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

लागणार काय तर साधा डिजिटल मल्टिमीटर, टेप आणि चाक हवेत राहील असा स्टँड. कुठलीही वायर सोडवायच्या आधी बॅटरी काढा आणि बॅटरी काढल्यावर पॉवर बटण एकदा दाबून ठेवा, कारण कंट्रोलरमधल्या कपॅसिटरमधे चार्ज शिल्लक असतो आणि उघडी टोकं एकमेकांना लागली की चांगली ठिणगी पडते. जोडलेल्या सगळ्या वायरींचा फोटो काढून ठेवा. नंतर आठवत नाही, खरंच आठवत नाही.

आधी आकडे जुळतात का बघा

३६ व्होल्टची लिथियम बॅटरी फुल चार्ज झाली की ४२ व्होल्ट दाखवते, ४८ वाली ५४.६. आता ४८ व्होल्टचा कंट्रोलर साधारण ४० ते ४२ व्होल्टच्या खाली स्वतःहून बंद होतो, म्हणजे त्याला ३६ ची बॅटरी लावली तर तो एकतर चालूच होणार नाही किंवा फुल चार्जवर दोन मिनिटं चालून थ्रॉटल दिला की झोपणार, आणि आपण मात्र मोटर उघडून बसतो. उलट बाजूने जास्त व्होल्टेज दिलं तर कपॅसिटर फुटतो. त्याच्यावर ५० किंवा ६३ व्होल्ट असं छापलेलं असतं, फुल चार्जचं व्होल्टेज त्याच्या आत पाहिजे. ६३ वाल्याला ६० व्होल्टची बॅटरी लावू नका, कारण ती भरल्यावर ६७ च्या वर जाते.

मोटर स्वतः व्होल्टेजच्या बाबतीत एवढी नखरेल नसते. ३६ ची मोटर ४८ वर चालते, वेग साधारण एक तृतीयांशाने वाढतो, फक्त चढाला आणि लोडला तापते. अँपिअर मात्र बघा: १५ अँपिअरचा कंट्रोलर ३६ व्होल्टवर ५४० वॅट ओढू शकतो, ते २५० वॅटच्या मोटरला सतत झेपणार नाही. आणि बॅटरीचं बीएमएस, म्हणजे तिच्या आतलं संरक्षण सर्किट, कंट्रोलरच्या मॅक्सिमम अँपिअरपेक्षा जास्त देणारं हवं, नाहीतर जोर लागला की सगळी गाडीच एकदम बंद पडते.

ब्रेक आणि थ्रॉटल

हे दोन मिनिटांचं काम आहे पण लोक विसरतात. ब्रेक लिव्हरच्या स्विचची वायर काढून ठेवा, तो स्विच अडकलेला असेल तर मोटर कधीच हलणार नाही. मग बॅटरी चालू करून मोजा, थ्रॉटलच्या सिग्नल वायरवर थ्रॉटल सोडलेला असताना ०.८ ते १ व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण पिळल्यावर साडेतीन ते चार व्होल्टच्या घरात दिसायला हवं. सोडलेला असतानाच जास्त दिसत असेल तर कंट्रोलर सेफ्टी म्हणून काहीच करत नाही.

कंट्रोलर जळालाय का, हाताने कळतं

बॅटरी काढलेली. मोटरच्या तीन जाड वायरी, म्हणजे फेज, कंट्रोलरपासून सोडवा आणि एकमेकींना लागू देऊ नका. चाक फिरवा, हलकं फिरायला हवं. आता त्यातल्या कुठल्याही दोन एकमेकींना टेकवा, चाक जड होऊन अडखळायला लागेल, हे बरोबर आहे. सुटलेल्या असतानाच जड असेल तर दोष मोटरमधे किंवा तिच्या केबलमधे, बऱ्याचदा एक्सलजवळ केबल पिळून आतल्या वायरी चिकटलेल्या असतात. आणि सुटलेल्या असताना हलकं पण कंट्रोलरला जोडल्या की बॅटरी नसतानाही जड, म्हणजे कंट्रोलरचे मॉस्फेट (आतले इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट. पुढचं काही करायची गरज नाही, तो गेला.

एक गोष्ट लक्षात ठेवा, गिअरवाली हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी) असेल तर चाक उलटं फिरवून बघायचं. सरळ फिरवलं तर आतला फ्रीव्हील क्लच सुटा फिरतो, मोटर हलतच नाही, आणि आपण म्हणतो वा किती हलकं फिरतंय.

हॉल सेन्सर

मोटरमधले मॅग्नेट कुठे आहेत ते हे तीन सेन्सर कंट्रोलरला सांगतात. त्यांच्या पाच बारीक वायरी असतात, लाल काळी आणि तीन सिग्नल. सहावी असली तर ती बहुतेक स्पीड किंवा टेंपरेचर सेन्सरची, ती सध्या बाजूला ठेवा. प्लग जोडलेला ठेवून बॅटरी चालू करा, मीटरची काळी पिन काळ्या वायरवर मागून खुपसा आणि लालवर ५ व्होल्टच्या आसपास येतंय का बघा. येत नसेल तर प्लग काढून कंट्रोलरच्या बाजूने परत मोजा, तिथे आलं तर मोटरच्या आत किंवा केबलमधे शॉर्ट आहे. मग एकेका सिग्नलवर पिन ठेवून चाक अगदी हळू फिरवा (गिअरवालं असेल तर उलटं, वर सांगितलं तसं). शून्य, पाच, शून्य, पाच असं उड्या मारत दिसायला पाहिजे. तिन्ही उड्या मारतायत तर सेन्सर ठीक आहेत. एकच अडकलाय तर तो सेन्सर किंवा ती वायर गेली, पण वायर तुटलेली असण्याची शक्यता आधी तपासा, मोटर उघडणं हा शेवटचा उपाय.

याच टेस्टमधे अजून एक कळतं. सेन्सर १२० अंशांवर बसवलेले असतील तर तिन्ही एकदम ५ किंवा तिन्ही एकदम शून्य असं कधीच होत नाही. तसं होत असेल आणि सेन्सर चांगले असतील तर मोटर ६० अंशवाली आहे आणि फक्त १२० वर चालणारा कंट्रोलर तिला कितीही वायरी बदलल्या तरी चालवणार नाही.

जोडी लावणं

कंट्रोलरला सेल्फ लर्निंगची वायर असेल, म्हणजे बरोबर जोडी तो स्वतःच शोधत असेल (बहुतेक दोन पांढऱ्या वायरी किंवा एकच जोडून टाकायची असते), तर सगळा त्रास वाचतो. चाक हवेत ठेवून ती जोडा, चालू करा, चाक आपोआप फिरतं, उलटं फिरलं तर वायर काढून परत लावा, सरळ फिरायला लागलं की काढून टाका.

नसेल तर हाताने. फेजचे ६ क्रम आणि हॉलचे ६ म्हणजे एकूण ३६ जोड्या होतात, त्यातल्या ३ सरळ चालतात आणि ३ उलट. घाबरू नका, ३६ करायच्या नाहीत. हॉल आहे तशा राहू द्या आणि फक्त फेज बदला (पि पिवळी, हि हिरवी, नि निळी): पि-हि-नि, पि-नि-हि, हि-पि-नि, हि-नि-पि, नि-पि-हि, नि-हि-पि. प्रत्येक वेळी बॅटरी काढायची, वायरी बदलायच्या, टोकं टेपने वेगळी करायची, मग अगदी थोडा थ्रॉटल एक दोन सेकंद. मी पहिल्यांदा उत्साहात चुकीच्या जोडीवर पूर्ण थ्रॉटल पिळला होता, कंट्रोलरने फट् केलं आणि संपला विषय, चूक पूर्ण माझीच.

आता खरी गंमत इथे आहे. चुकीच्या काही जोड्यांवर सुद्धा चाक फिरतं, आणि माणूस खूश होऊन तिथेच थांबतो. मग दोन दिवसांनी चढावर कंट्रोलर तापून जातो. बरोबर जोडी ओळखायची ती अँपिअरवरून: वॉटमीटर लावा किंवा मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर ठेवून बॅटरीच्या लाईनमधे घाला, चाक हवेत असताना छोट्या मोटरला १ अँपिअरच्या आसपास लागतात, मोठ्या बिनगिअरच्या मोटरला थोडे जास्त. ३, ४, ५ दाखवत असेल, आवाज खरखरीत असेल तर ती जोडी खोटी. सहांपैकी एकच गुळगुळीत आणि कमी अँपिअरवाली सापडेल.

ती सापडली पण फिरते उलटी? मग हॉलच्या कुठल्याही दोन सिग्नल वायरी अदलाबदल करा आणि फेजचे सहा परत बघा, त्यात एक सरळवाली मिळतेच. गिअरवाल्या मोटरमधे उलटी जोडी फसवते, आतून मोटरचा छान आवाज येतो पण चाक फिरतच नाही कारण क्लच सुटतो. गिअर तुटले असं समजू नका.

फिरतं पण लोडवर अडखळतं

हवेत मस्त आणि बसल्यावर झटके, असं असेल तर आधी फेजचे प्लग बघा, सैल झालेला प्लग तापून वितळलेला, काळा पडलेला दिसतो. नऊ पिनांचा वॉटरप्रूफ प्लग असेल तर बाण जुळवूनच दाबा, एक पिन वाकली तरी हीच लक्षणं. टॉप स्पीडलाच अडखळत असेल तर गिअरवाली मोटर आतून खूप वेगात फिरते आणि काही साधे कंट्रोलर तेवढ्या वेगाने फेज बदलू शकत नाहीत, तिथे वायरी बदलून उपयोग नाही, दुसराच कंट्रोलर लागेल.

डिस्प्लेचं वेगळंच असतं. प्लग बसला म्हणजे भाषा जुळली असं नाही, कंट्रोलर आणि डिस्प्ले एकाच प्रोटोकॉलचे लागतात, आणि ३० नंबरचा एरर बऱ्याच डिस्प्लेवर कम्युनिकेशनचाच असतो. फक्त स्पीड चुकीचा दाखवत असेल तर सेटिंगमधे मोटरच्या मॅग्नेटची संख्या आणि चाकाचा साईझ टाका, बाकी काही बिघडलेलं नाही.

सगळं जुळलं की प्रत्येक जोडावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा, आणि शेवटी लागलेला क्रम, कुठली फेज कुठे आणि कुठला हॉल कुठे, कागदावर लिहून कंट्रोलरच्या पाठीवर चिकटवा.