ग्रोथ फॅक्टरची कुपी उघडण्यापूर्वी

प्रयोगशाळेत पेशींना वाढीचा संकेत देणारे प्रथिन फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर-२, म्हणजेच रोजच्या बोलण्यातले एफजीएफ-२, मागवले की हाती येणारी कुपी बहुधा रिकामीच वाटते. ५० मायक्रोग्रॅम शुष्क प्रथिन तळाशी किंवा बाजूला पुसटसा थर धरून बसलेले असते, कधी झाकणाच्या आतल्या बाजूलाही. म्हणून कुपी रिकामी आल्याची तक्रार करण्याआधी ती बंद अवस्थेतच सेंट्रीफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवून घ्यावी. ही पायरी मी एकदा घाईत गाळली होती. झाकण उघडताना किती प्रथिन उडाले हे मोजण्याचा मार्गच उरला नाही आणि पुढच्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वास गेला.

कुपी उघडण्याच्या आदल्या दिवशी तिच्यासोबतचे माहितीपत्रक नीट वाचावे आणि लॉट नंबर, म्हणजे उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक, वहीत उतरवून घ्यावा. पेशींचा निम्मा प्रतिसाद मिळवून देणारी मात्रा, म्हणजे ईडी-५०, प्रत्येक लॉटमध्ये थोडीफार वेगळी असू शकते. जुन्या लॉटची ती ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि नव्याची १ असेल, तर वजन तेच राहूनही नव्याची क्रियाशीलता निम्मीच ठरते. प्रथिन ई. कोलाय जिवाणूंमध्ये तयार केलेले असल्यास एंडोटॉक्सिनचे, म्हणजे त्या जिवाणूंच्या आवरणातून येणाऱ्या विषारी घटकाचे, प्रमाणही तपासावे. मॅक्रोफेजसारख्या रोगप्रतिकारक पेशींवर काम करणाऱ्यांनी तर हा आकडा पाहिल्याशिवाय कुपीला हातच लावू नये, कारण त्या पेशी ग्रोथ फॅक्टरपेक्षा एंडोटॉक्सिनलाच जोरात प्रतिसाद देतात.

हिशेब कागदावर आधीच करून ठेवावा. ५० मायक्रोग्रॅम प्रथिन ५०० मायक्रोलिटरमध्ये विरघळवले की १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचा साठा तयार होतो. त्यातले १० मायक्रोलिटर ५० मिलिलिटर मीडियात, म्हणजे पेशी वाढवण्याच्या पोषक द्रावात, घातले की २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर मिळतात. कोणत्या द्रावात विरघळवायचे हे मात्र माहितीपत्रकच ठरवते. एफजीएफ-२ ला साधारणपणे उदासीन बफर (आम्लता स्थिर राखणारे द्रावण) चालतो, पण त्याच सवयीने टीजीएफ-बीटा-१ हा दुसरा ग्रोथ फॅक्टर विरघळवायला जाऊ नये, त्याला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल लागते. कुपीत वाहक प्रथिन नसेल तर बफरमध्ये ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन) घालून तो आधीच गाळून निर्जंतुक करावा. इतक्या विरळ द्रावणातले प्रथिन प्लास्टिकला चिकटते आणि बीएसए ती जागा आधीच व्यापून टाकते. त्याच कारणाने ग्रोथ फॅक्टरचे विरळ द्रावण स्वतः फिल्टरमधून गाळणे टाळावे आणि प्रथिन कमी धरणाऱ्या ट्यूब मोजून, नावे लिहून, बर्फावर लावून ठेवाव्यात.

बफर कुपीच्या भिंतीवरून हळू सोडावा, काही मिनिटे तसाच राहू द्यावा आणि मग कुपी हलकेच कलती करत फिरवावी. व्हॉर्टेक्स, म्हणजे ट्यूब जोरात घुसळणारे यंत्र, वापरू नये. फेस आला म्हणजे हवेच्या पृष्ठभागावर प्रथिनाची घडी मोडू लागली असे समजावे. भाग पाडताना एका प्रयोगाला पुरेल तेवढाच एक भाग, असा हिशेब धरावा, कारण गोठवणे आणि वितळवणे यांची प्रत्येक फेरी क्रियाशीलता कमी करते. ट्यूब उणे ८० अंशांत ठेवणे उत्तम. उणे २० चा फ्रीझर वापरायचाच असेल तर तो आपोआप बर्फ वितळवणारा नसावा. त्याचे तापमान ठरावीक वेळाने वर जाते, हे बाहेरून दिसत नाही.

एफजीएफ-२ बाबत सर्वांत जास्त फसगत इनक्युबेटरमध्ये होते. ३७ अंशांवर ते एका दिवसातच बरेचसे निकामी होते, त्यामुळे सोमवारी मीडियात घातलेली मात्रा बुधवारीही तितकीच आहे असे गृहीत धरून निष्कर्ष काढू नयेत. मीडिया रोज बदलण्याची तयारी ठेवावी. प्रयोगाला चालत असेल तर हेपरिन घालावे, ते या प्रथिनाला बांधून स्थिर ठेवते. पूर्ण बाटली गरम न करता लागेल तेवढाच मीडिया काढून घ्यावा आणि ग्रोथ फॅक्टर वापरण्याच्या दिवशीच मिसळावा.

नियंत्रणाच्या, म्हणजे तुलनेसाठी ग्रोथ फॅक्टरशिवाय ठेवलेल्या, प्लेटसाठी तोच बफर, तेवढेच बीएसए आणि तेवढेच मायक्रोलिटर, फक्त ग्रोथ फॅक्टर वगळून, अशी एक ट्यूब त्याच वेळी तयार करून त्याच रॅकमध्ये गोठवावी. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘बफर’ लिहावे, कारण उघड्या डोळ्यांना दोन्ही ट्यूब अगदी सारख्या दिसतात.