अप्लाईड मॅथ्सचा सेमिनार ऐकायचा कसा

पीएचडीला नवीन लागलेली पोरं सेमिनारला एक-दोनदा जातात, दहाव्या मिनिटाला सगळं डोक्यावरून जायला लागतं आणि मग जाणंच बंद करतात. प्लीज असं करू नका. सगळा टॉक कळायलाच हवा असं काही नाही, एक धागा पकडा आणि तो शेवटपर्यंत सोडू नका, बस्स.

आदल्या दिवशी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचा. समीकरण कुठलं आणि मेथड कुठली एवढंच शोधायचं. समजा फायनाईट एलिमेंट आहे (भागाचे छोटे तुकडे करून समीकरण अंदाजे सोडवायची पद्धत) आणि तुम्हाला ती येत नाही, तर एका डायमेन्शनमध्ये पॉयसाँच्या समीकरणावर ती कशी चालते तेवढं बघून जा, पुरतं तेवढं.

टॉक सुरू झाला की मूळ समीकरण आणि बाउंडरी कंडिशन (कडेला सोल्युशनने काय पाळायचं ती अट) वहीत उतरवून घ्या, कारण ती स्लाईड परत येत नाही. मधले प्रूफ सुटले तर सुटू द्या.

पण एररचा, म्हणजे खऱ्या आणि काढलेल्या उत्तरातल्या फरकाचा ग्राफ आला की सरसावून बसा! तो बहुतेक वेळा लॉग-लॉग (दोन्ही अक्ष लॉग स्केलवर) असतो, आडव्या अक्षावर ग्रिडचं अंतर, म्हणजे शेजारच्या दोन पॉइंटमधलं, आणि उभ्यावर एरर. रेघेचा स्लोप बघायचा, २ असेल तर मेथड सेकंड ऑर्डर, म्हणजे अंतर निम्मं केलं की एरर साधारण पाव होतो. थिअरम म्हणतो २ आणि ग्राफ दाखवतो १, तर तिथेच तुमचा प्रश्न तयार झाला, बऱ्याचदा सोल्युशन कुठेतरी पुरेसं स्मूथ नसतं किंवा बाउंडरी नीट हाताळलेली नसते. आणि रेघ खाली जाता जाता मधेच सपाट झाली तर राउंड-ऑफ (कॉम्प्युटर आकडे मोजक्या अंकांत कापतो ती चूक) आड आलाय का, की आतला सॉल्व्हर लवकर थांबवलाय, हे विचारा. डबल प्रिसिजनमध्ये साधारण १६च अंक मिळतात, कंडिशन नंबर (इनपुटमधली छोटी चूक उत्तरात किती पट वाढू शकते तो आकडा) १० चा १० वा घात असेल तर त्यातले दहाएक जाऊ शकतात.

दुसरा हमखास चालणारा प्रश्न खर्चाचा, "थ्रीडीत किती वेळ लागतो?" हीट इक्वेशन (उष्णता कशी पसरते त्याचं समीकरण) साध्या एक्सप्लिसिट पद्धतीने, म्हणजे आधीच्या स्टेपच्या आकड्यांवरून थेट पुढचे काढत, सोडवलं तर अंतर निम्मं केल्यावर टाईम स्टेप पाव करावी लागते, म्हणजे थ्रीडीत पॉइंट ८ पट, स्टेप्स ४ पट, काम ३२ पट. इम्प्लिसिट मेथडचा (दर स्टेपला समीकरणं सोडवावी लागतात, पण स्टेप मोठी चालते) एवढा खटाटोप लोक का करतात ते इथे कळतं. प्रश्न साधा वाटला तरी विचारा, स्पीकरला तो आवडतोच.

घरी गेल्यावर त्याच संध्याकाळी वीसेक ओळींचा कोड लिहा, दुसऱ्या दिवसावर ढकललं की राहतंच. तेच हीट इक्वेशन घ्या, एका डायमेन्शनमध्ये, एक्सप्लिसिट पद्धतीने, डिफ्युजन कोएफिशियंट १ धरा, टाईम स्टेप अंतराच्या वर्गाच्या निम्म्याहून किंचित मोठी ठेवा आणि चालवा. आधी सगळं गुळगुळीत दिसेल, मग करवतीसारखे दाते येतील आणि पुढे आकडे हाताबाहेर जातील. आता स्टेप त्या मर्यादेच्या जरा आत आणा आणि परत चालवा.