बॉडी चॅसिसवरून उचलण्याआधी

आधी गाडी कोणती ते बघा. अ‍ॅम्बॅसॅडर किंवा प्रीमियर पद्मिनी असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही. त्यांना वेगळी चॅसिस, म्हणजे बॉडीखालची लोखंडी चौकट, नसते. स्टँडर्ड हेरल्ड, महिंद्राची जुनी विलिस जीप, १९५०च्या आसपासची शेव्हर्ले किंवा डॉज यांची बॉडी मात्र बोल्टवर बसलेली असते. काम दिवाळी झाल्यावर काढा. कोल्हापुरी पावसात उघडा पत्रा रातोरात तांबूस होतो, त्यामुळे मे संपायच्या आत चॅसिसला प्रायमर लागेल असा हिशोब बसत असेल तरच पाना हातात घ्यायचा.

गंजक्या गाडीत बॉडी उचलणं अवघड नसतं, तिचा आकार टिकवणं अवघड असतं. फ्लोअर आणि दाराखालचा सिल कुजलेला असला तरी चॅसिसने तिला तोलून धरलेलं असतं. तो आधार गेला की दोन टोकांना धरलेली बॉडी मधे बसते आणि दाराची फट वरच्या बाजूला मिटते. मधे धरली तर टोकं लोंबतात आणि तीच फट वर फाकते. म्हणून सिल बदलायचा असेल तर तो बॉडी चॅसिसवर असतानाच बदला. ‘एकदा खाली घेऊ, मग निवांत पत्रा मारू’ म्हणणाऱ्या कारागिराला इथेच थांबवा.

गाडी सपाट कोब्यावर चार स्टँडवर घ्या, चॅसिस पाणसळीने तपासा. दारं लावून फटी वर, मधे, खाली अशा तीन ठिकाणी मोजा आणि आकडे तिथेच मास्किंग टेपवर लिहा. मग २५ मिमीचा १६ गेज चौकोनी पाइप आणून दाराच्या पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत एक आडवा कमरेच्या उंचीला, एक खाली आणि एक तिरका असे तीन तुकडे जोडा. डाव्या-उजव्या खांबांमध्येही एक आडवा हवाच. पाइप आतल्या अंगाने लावा, म्हणजे दार मिटून फट पुन्हा तपासता येते. वेल्डिंगचा टाका जाड, शाबूत पत्र्यावरच मारा. चाळण झालेल्या पत्र्यावर तो धरत नाही. फटी जुळल्या की वजन कमी करायला दारं, काचा, सीट उतरवा.

बॅटरी आणि पेट्रोलची टाकी मात्र वेल्डिंगच्याही आधी गाडीबाहेर गेली पाहिजे. ब्रेक-क्लचचे पाइप, स्पीडोमीटर, चोक, अ‍ॅक्सिलरेटर आणि हँडब्रेकच्या केबली, वायरिंग, गियर लिव्हर, स्टिअरिंगचा दांडा ही पुढची यादी. हेरल्डचे पेडल बॉडीला टांगलेले असतात, त्यामुळे पाइप सोडावेच लागतात. विलिसचे पेडल चॅसिसला असून फ्लोअरमधून वर येतात, तिथे पेडलच काढावे लागतात. इंजिनपासून बॉडीकडे जाणारी अर्थची पट्टी हटकून विसरली जाते.

बोल्टना तीन-चार दिवस आधीपासून रोज तेल पाजा. ते सीटखाली, डिकीच्या मॅटखाली, डांबराच्या थराखालीसुद्धा लपलेले असतात. पृष्ठभाग खरवडून शोधा. आतला नट बोल्टबरोबर गरागरा फिरू लागला तर पान्याला नळी लावून जोर करू नका, ग्राइंडरने डोकं उडवा. गॅस लावाल तर रबरी पॅड पेटतं, शेजारी पाण्याची बादली ठेवा. प्रत्येक बोल्टखालच्या चकत्या आणि पॅड वेगळ्या पिशवीत, जागेचा नंबर लिहून. चकत्यांची जाडी जागोजागी वेगळी असते आणि त्यावरच दारं जुळतात. पॅड गेलं असेल तर नमुना कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेऊन नवं करून घेता येतं, पण त्यासाठी जुनं मापाला हवं. ते कचऱ्यात टाकू नका.

उचलायला एक-एक टनाच्या दोन चेन पुल्या, रुंद नायलॉनचे बेल्ट आणि चार बाय चार इंची सागवानी किंवा तत्सम दणकट वासे लागतात. वासे फ्लोअरच्या आडव्या पट्ट्यांखालून घाला, एक फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधला पत्र्याचा पडदा), एक मागच्या चाकाच्या कमानीपुढे, दोन्हीकडे फूटभर बाहेर. साखळी थेट पत्र्याला नको. पुली शेडच्या अँगलच्या कैचीला कधीच टांगू नका. पुली टांगायला वेगळी घोडी, म्हणजे दणकट चौकट, उभी करा. तालमीतली पोरं बोलावलीत तर उत्तम, फक्त हुकूम एकाचाच चालेल. दोन इंच उचला आणि थांबा. टॉर्च मारून चौफेर फिरा: कुठेतरी एखादी वायर, पाइप किंवा विसरलेला बोल्ट ताणलेला दिसतोच. बॉडी एका कोपऱ्याने मागे राहिली की बोल्ट तिथेच शोधायचा.

चॅसिस चाकांवरच बाहेर ढकलायची असते, तेव्हा टायरमध्ये हवा आणि पुढे गाडीच्या लांबीएवढी मोकळी जागा हवी. लोंबत्या बॉडीखाली कुणी जायचं नाही. बॉडी ठेवायला चाकं लावलेला स्टँड आधीच तयार ठेवा आणि त्याचे आधार बोल्टच्या मूळ जागांखालीच येऊ द्या. चॅसिस सँडब्लास्टिंगला पाठवण्याआधी तिच्यावर ठोकलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासा, फोटो काढा आणि मग त्यावर जाड रबराची पट्टी घट्ट चिकटवा. उथळ ठोकलेले आकडे वाळूने पुसट होतात, आणि आरटीओत तेच बघितले जातात.