'वेल' म्हणाला म्हणजे काय म्हणाला? इंग्रजीतले भरीचे शब्द आणि आपल्या चुका

पुण्यात नोकरीला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. इंग्लंडमधल्या क्लायंटबरोबर दर मंगळवारी दुपारी कॉल असायचा आणि मिनिट्स लिहायचं काम माझ्याकडे. एकदा आम्ही नव्या रिपोर्टचा नमुना दाखवला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "येआ, नो, इट्स क्वाइट गुड, ॲक्चुअली. आय मीन, वुई कुड सॉर्ट ऑफ, यू नो, हॅव अ लुक ॲट इट ॲट सम पॉइंट. इट्स जस्ट... अम्..." मी वहीत लिहिलं: 'नमुना आवडला. पुढे जायला हरकत नाही.'

त्यावर तिघांनी दोन आठवडे घातले. मग कळलं की त्या माणसानं त्याच दिवशी नकार दिला होता. आमच्या टीममध्ये बरीच वर्षं लंडनला राहून आलेले एक सीनियर होते. माझे मिनिट्स वाचून त्यांनी एवढंच विचारलं, "मधले शब्द कुठे गेले?"

मधले शब्द मी गाळले होते. कचरा म्हणून.

पहिली चूक: भरीचे शब्द ऐकायचेच नाहीत

आपलं इंग्रजी छापील पुस्तकातून येतं. पुस्तकात कुणी 'अम्' करत नाही, त्यामुळे कानही तसाच तयार होतो: कर्ता, क्रियापद, कर्म उचलायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं. आपल्याकडे श्लोकात मात्रा भरायला घातलेल्या 'च, वै, तु, हि' यांना पादपूरणार्थक म्हणतात, म्हणजे अर्थाला त्यांची गरज नाही. इंग्रजी बोलण्यातल्या 'वेल', 'यू नो'लाही आपण त्याच रांगेत बसवतो आणि तिथेच फसतो.

साध्या 'अ' आणि 'अम्'चंच बघा. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2002 साली इंग्रजी संभाषणांच्या मोठ्या संग्रहावरून दाखवलं की हे दोन आवाज एकसारखे वापरले जात नाहीत. छोटी अडखळण येणार असेल तर 'अ', मोठी येणार असेल तर 'अम्'. 'अम्'नंतरची शांतता जास्त लांबते. म्हणजे बोलणारा आधीच सांगतोय: थांबा, वेळ लागणार आहे, माझं संपलेलं नाही.

एवढी घाई कशाची, तर संभाषणाचा वेगच तसा असतो. जपानी, डॅनिश, इंग्रजी धरून दहा भाषांवर 2009 मध्ये झालेल्या एका अभ्यासात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. साधा एक शब्द डोक्यातून ओठांवर आणायलाच सुमारे 600 मिलिसेकंद लागतात. मधली तूट कुठूनतरी भरून काढायला हवी. ती 'वेल'नं, 'सो'नं, 'आय मीन'नं भरली जाते. आपणही 'ते आपलं... हे...' म्हणत भरतोच की.

जाता जाता वाचनातली एक गंमत. ब्रिटिश मजकुरात हा आवाज ई-आर-एम असा लिहितात आणि आपण तो इमानदारीत 'अर्म' असा वाचतो. दक्षिण इंग्लंडच्या उच्चारात स्वरानंतरचा आर बोलला जात नाही, त्यामुळे त्या अक्षरांचा उच्चार 'अऽम्' असाच आहे. अमेरिकन माणूस तोच आवाज यू-एम लिहितो. माझ्या ओळखीचे एक सर वर्गात मोठ्यानं 'अर्म' म्हणून दाखवायचे. विद्यार्थ्यांना वाटायचं, हा काहीतरी खास ब्रिटिश शब्द आहे.

'वेल' आणि 'ॲक्चुअली'

प्रश्नाचं उत्तर 'वेल'नं सुरू झालं की कान टवकारा. "शुक्रवारपर्यंत होईल का?" "वेल..." यापुढे सरळ 'हो' क्वचितच येतं. होकार झटकन येतो. नकार मात्र थांबत, वळसा घेत, कारणं सांगत येतो, आणि 'वेल' ही त्या वळणाआधीची पाटी. मराठीत हेच काम 'तसं म्हणायला गेलं तर' करतं किंवा नुसतं लांबवलेलं 'आता...' करतं. "आता, काय आहे ना काका..." असं कुणी सुरू केलं की उसने पैसे मिळणार नाहीत हे आपल्याला वाक्य संपायच्या आत कळतं. इंग्रजीत मात्र आपण वाक्य संपेपर्यंत थांबतो, आणि वाक्य बहुतेक वेळा पूर्ण होतच नाही.

'ॲक्चुअली'ची चूक उलटी आहे. ती ऐकण्यात कमी आणि बोलण्यात जास्त होते. आपण तो शब्द घसा खाकरल्यासारखा वापरतो. "व्हेअर आर यू फ्रॉम?" "ॲक्चुअली आय ॲम फ्रॉम सातारा." समोरच्या इंग्रज माणसाच्या कानाला यात किंचित दुरुस्ती ऐकू येते: तुम्हाला वेगळं वाटत असेल, पण मी साताऱ्याचा. त्यानं तर काहीच गृहीत धरलेलं नसतं. 'बेसिकली'चंही तेच. 'बेसिकली आय ॲम फ्रॉम सातारा' म्हणजे आपल्या मते 'मूळचा साताऱ्याचा'. त्याच्या कानाला 'थोडक्यात सांगायचं तर साताऱ्याचा', आणि मग लांबलचक हकिकत काय असेल या विचारात तो पडतो. शब्द काढून टाका. 'आय ॲम फ्रॉम सातारा' पुरेसं आहे.

'क्वाइट'बद्दल एवढंच: अमेरिकन माणसाचं 'क्वाइट गुड' बहुधा खरंच छान असतं, ब्रिटिशाचं पुष्कळदा 'बरंय' एवढंच. माझ्या मिनिट्समधला 'आवडला' इथून आला होता.

मराठी माणसाची खास चूक: 'मीन्स'

ही आपली घरची. "मीन्स, आय वॉज सेइंग दॅट..." मराठीत वाक्य अडलं, फिरवायचं झालं, उलगडायचं झालं की 'म्हणजे' येतं. बोलताना डोकं 'म्हणजे' म्हणतं, तोंड भाषांतर करतं, आणि 'मीन्स' बाहेर पडतं. इंग्रजीत त्या जागी 'आय मीन' आहे. नुसतं 'मीन्स' तिथे बसत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं वाक्याचा कर्ता गळला, आणि तो क्षणभर मागे जाऊन शोधतो. आवाज तुटत असलेल्या कॉलवर हा क्षण महागात पडतो.

याची भावंडंही आहेत. 'मी काय म्हणतो' वरून आलेलं 'व्हॉट आय से इज'. 'च'साठी जोडलेलं 'ओन्ली': "आय ॲम इन पुणे ओन्ली." वाक्याच्या शेपटीला 'ना'. शेवटची दोन मी सोडून द्यायला सांगणार नाही. भारतीय इंग्रजी ही तिच्या ऐटीत चालणारी गोष्ट आहे आणि मुंबई-बंगळूरच्या कॉलवर 'ना' सगळ्यांना कळतो. तो 'ना' ब्रिस्बेनला कळत नाही, एवढं ध्यानात असलं की झालं.

'मीन्स' मात्र सोडा. उपाय साधा आहे: बोलताना अडलात तर मराठीतच अडा. म्हणजे नुसतं 'अं' करा. मराठीचा 'अं' आणि इंग्रजीचा 'अम्' इतके जवळ आहेत की कुणाला पत्ता लागत नाही.

'लाइक'ला हसू नका, पण पेरूही नका

'लाइक' म्हटलं की कॅलिफोर्नियातल्या पोरी आठवतात आणि वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. पण नीट ऐकलं तर हा शब्द किमान तीन वेगळी कामं करतो.

आकड्याआधी आला तर तो आपला '-एक' आहे. "इट्स लाइक टेन माइल्स" म्हणजे दहाएक मैल. बोलणं किंवा मनातलं सांगताना आला तर तो आपलं 'म्हटलं' आहे. "अँड आय वॉज लाइक, ओ नो" याचं मराठी 'आणि मी म्हटलं, मेले आता!' यातलं 'मेले आता' मी तोंडानं उच्चारलेलं नसतं, हे आपल्याला मराठीत कुणी समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच 'ही वॉज लाइक' नंतरचं वाक्य अवतरणचिन्हात घालून कुणाच्या नावावर लिहू नका; ते त्यानं जसंच्या तसं म्हटलेलं असेलच असं नाही. तिसरं काम नुसतं सैल करण्याचं, आपल्या 'असं'सारखं.

इंग्लंडच्या ईशान्येला, न्यूकॅसलकडे, आणि आयर्लंडातही हाच शब्द वाक्याच्या शेवटी येतो. तिथे तो फक्त पोरींचा नाही, आजोबांचाही आहे.

आता पेरण्याबद्दल. काही क्लासेस शिकवतात की नेटिव्ह वाटायला 'लाइक' आणि 'यू नो' घाला. हे फोडणीत मोहरी नंतर वरून टाकण्यासारखं आहे. 'यू नो' खालच्या पट्टीत, पटकन, जवळजवळ गिळून म्हटला जातो. आपण तो ठसक्यात, सूर वर नेऊन म्हणतो, आणि मग तो 'तुम्हाला माहीत पाहिजे!' असा दरडावल्यासारखा लागतो. आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांसाठी: बोलण्याच्या परीक्षेत अडखळण्याला बंदी नाही. सर्वात वरच्या बँड 9 चं वर्णन सांगतं की अडखळणं आशयाचा विचार करताना यावं, शब्द किंवा व्याकरण शोधताना नाही. प्रश्न विचारल्यावर एक 'वेल' चालतो. दर चार शब्दांनी 'यू नो' आला की परीक्षकाला समजतं की शब्द सापडत नाहीयेत.

हो म्हणाला की नाही?

'येआ, नो' किंवा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं 'येआ, ना' ऐकून गडबडायला होतं. 'येआ' म्हणजे तुमचं म्हणणं ऐकलं. 'ना' म्हणजे नको. 'ना, येआ' असेल तर बहुतेक होकार. शेवटचा शब्द धरा, हा ढोबळ नियम पुष्कळदा लागू पडतो. नेहमी नाही, कारण 'येआ, नो, आय अग्री' यातला 'नो' नुसता 'छे, बरोबरच आहे' एवढा असतो.

नकाराचा आणखी एक मुखवटा: चहा विचारल्यावर 'आय ॲम गुड'. म्हणजे नको. आणि 'टेल मी अबाउट इट' हे आमंत्रण नाही. ट्रॅफिकबद्दल तक्रार केल्यावर कुणी असं म्हणालं, तर त्याचा अर्थ 'मला सांगता? मीही त्यातूनच आलोय.' मी एकदा खरोखर सगळं सांगितलं होतं, चांदणी चौकापासून.

ब्रिटनमध्ये नवीन गेलेल्यांना 'यू ऑलराइट?'चा घोर लागतो. आपण आजारी दिसतोय का? नाही. ते 'काय, कसं काय' आहे, उत्तर 'येआ, यू?' आणि पुढे चालू पडायचं.

'गॉना' आणि मंडळी

'गॉना' हे 'गोइंग टू'चं आखूड रूप, पण फक्त पुढे क्रियापद असेल तेव्हा. 'आय ॲम गॉना ईट' चालतं. 'आय ॲम गॉना स्टेशन' कुणीही म्हणत नाही. तिथे खरंच जायचंय. 'वॉना'लाही अशीच कुंपणं आहेत. 'हू डू यू वॉन्ट टू विन?' म्हणजे कुणी जिंकावं असं वाटतं, हा प्रश्न 'वॉना' घालून विचारता येत नाही, आणि कुठल्याही शाळेत हे न शिकवता तिथलं पोरगं ही चूक करत नाही.

स्लँगची उसनवारी

समजण्यासाठी शिका, बोलण्यासाठी जपून. पहिलं कारण भूगोल. 'पिस्ड' ब्रिटनमध्ये प्यायलेला, अमेरिकेत चिडलेला. 'पँट्स' ब्रिटनमध्ये आतली. 'थाँग्ज' ऑस्ट्रेलियात साध्या रबरी चपला, इतरत्र तोही आतलाच तोकडा कपडा, तेव्हा हा शब्द घेऊन दुकानात जाऊ नका. 'ब्लडी' आपण भारतात शिवी म्हणून सढळ हातानं वापरतो. ऑस्ट्रेलियानं तर 2006 मध्ये तो चक्क पर्यटनाच्या जाहिरातीत घातला होता, आणि ब्रिटनच्या टीव्हीवर त्या जाहिरातीला सुरुवातीला मनाई झाली.

दुसरं कारण वय. 'रिझ', म्हणजे समोरच्याला भुरळ घालायची हातोटी, हा ऑक्सफर्डनं 2023 चा शब्द म्हणून निवडला, आणि चाळिशीतल्या मॅनेजरनं तो मीटिंगमध्ये म्हणून दाखवला की पोरं माना खाली घालतात. यातले कितीतरी शब्द, उदाहरणार्थ 'कॅप' (म्हणजे थाप), अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या बोलीतून आलेत; ते कुणी, कुणासमोर म्हणावेत याचं भान बाहेरच्याला चटकन येत नाही.

तिसरं सूर. 'मेट' म्हणजे मित्र, पण 'लिसन, मेट' दात आवळून म्हटलं की भांडण सुरू. 'ओ भाऊ' कुठल्या सुरात म्हटलं की कॉलर धरली जाते, हे आपल्याला माहीत आहे. ब्रिटिश सुराची तेवढी ओळख होईपर्यंत नाव घेऊन हाक मारलेली बरी.

कान दुरुस्त करायचा तर

एक मिनिटाचं खरं संभाषण घ्या, भाषण किंवा बातम्या नकोत, आणि प्रत्येक 'अ', 'अम्', 'वेल' धरून हातानं लिहून काढा. आपोआप बनणाऱ्या बऱ्याच सबटायटल्समधून आणि कॉलच्या तयार नोंदींमधून हे आवाज गाळलेले असतात, त्यामुळे त्यांच्यावर विसंबू नका. मग प्रत्येक आवाजानंतर काय आलं ते बघा. एका मिनिटाला अर्धा तास जातो. चार-पाच वेळा केलं की कान आपोआप थांबायला लागतो.

मी हे पहिल्यांदा केलं ते त्याच मंगळवारच्या कॉलवर. रेकॉर्डिंग ठेवलेलं होतं. चार मिनिटांत माझे अकरा 'मीन्स' निघाले. आणि नमुन्याबद्दलचं ते वाक्य पुन्हा ऐकलं. ते गृहस्थ 'इट्स जस्ट...' म्हणतात, मग लांब 'अम्' येतो, आणि तो 'अम्' संपायच्या आत माझा आवाज ऐकू येतो: "ओके, ग्रेट! थँक यू!"