विस्कॉन्सिनमध्ये नवीन आलात आणि हरणाच्या शिकारीला जायचंय? आधी शेतावर जाऊन विचारायला शिका

सप्टेंबर लागला की मंडळाच्या गणपतीत कोणीतरी नवीन मुलगा हमखास बाजूला घेऊन विचारतो, दादा तुम्ही शिकारीला जाता ना, जागा कुठे मिळते. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. मी मूळचा वाळव्याकडचा, मॅडिसनच्या पश्चिमेला राहून १६ वर्षं झाली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकार म्हणजे जेल असंच डोक्यात बसलेलं, इथे अमेरिकेत मात्र थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरचा सण) आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीचा सीझन, अख्खं गाव नारिंगी जॅकेट घालून रानात असतं.

कागदाचं आधी उरकून घ्या. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. लायसनला रेसिडेंटचा दर हवा असेल तर आधी ३० दिवस तुमचं कायमचं घर इथे पाहिजे. आणि एच-वन-बी वाल्यांनो, नीट वाचा, तुमच्या व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे, वैध शिकार लायसन असेल तर त्यात सूट आहे, तरी आपल्या इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय मित्राची रायफलसुद्धा हातात घेऊ नका. बो म्हणजे धनुष्याला ही भानगड नाही, आणि तो सीझन सप्टेंबरच्या मध्यालाच सुरू होतो.

आता मुद्द्याचं. इथे पाटी नसली, कुंपण नसलं तरी दुसऱ्याच्या जमिनीत न विचारता जायचं नाही. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात गेलेल्या लोकांना मी हे काय समजावणार! जमीन कोणाची ते काउंटीच्या प्लॅट बुकात किंवा त्यांच्या ऑनलाइन नकाशावर नावासकट सापडतं. मग फोन नाही, मेसेज नाही, स्वतः जायचं.

मी पहिल्यांदा गेलो तो ऑक्टोबरच्या शेवटी, संध्याकाळी पाचला, अंगात नवा कोरा कॅमो शर्ट. म्हातारबा गोठ्यातून रबरी बूट घालून बाहेर आले, हाताला दूध, मागे मशीनचा आवाज चालू, आणि मी आपला हवापाण्याच्या गप्पा मारतोय. धारा काढायच्या वेळेला पाहुणा आला तर आपली आजी काय म्हणाली असती? ते बिचारे ‘विचार करून सांगतो’ म्हणाले, आणि मी खुशीत घरी आलो. या लोकांचं ‘विचार करून सांगतो’ म्हणजे आपलं ‘बघू’ असतं, हे कळायला मला दोन सीझन लागले.

तेव्हा शनिवारी सकाळी दहा-अकराला जा, साध्या कपड्यात, एकटे किंवा बायकोमुलांबरोबर, आणि उन्हाळ्यातच जा, सीझनच्या तोंडावर नाही. नाव, कुठे राहता, काय काम करता हे आधी सांगा आणि मग छोटं काहीतरी मागा. ओपनिंग वीकेंड म्हणजे बंदुकीच्या सीझनचा पहिला शनिवार-रविवार मागूच नका, तो त्यांच्या मुलांचा, जावयांचा असतो, वर्षातून एकदा सगळे जमतात. त्यापेक्षा बोने एखादी मादी मारू का असं विचारा. मक्याचं नुकसान माद्या-पिल्लंच जास्त करतात, त्यामुळे या मागणीला शेतकरी लवकर हो म्हणतो, मोठ्या शिंगांच्या नरावर मात्र घरातल्याच कोणाचा तरी डोळा असतो. नाही म्हणाले तर थँक्यू म्हणून निघायचं, हुज्जत घालायची नाही. तसंही निघता निघता अर्धा तास दारात गप्पा होतातच, त्या बाबतीत हे लोक अगदी आपल्यासारखे.

होकार मिळाला की कागदावर लिहून घ्या, कुठल्या तारखा, गाडी कुठे लावायची, कुठलं गेट कसं ठेवायचं, तुमचा गाडी नंबर. आणि परवानगी फक्त तुम्हाला आहे हो! मी दुसऱ्या वर्षी एका शेतावर ऑफिसातल्या मित्राला न विचारता घेऊन गेलो, बिचाऱ्याने काही केलं नाही, नुसता बसला होता, पण पुढच्या वर्षी त्या शेतावरची माझी परवानगी गेली. चूक माझीच.

वसंतात शेतातले दगड वेचायला एक दिवस जा. दिवाळीचा फराळ पोचवा, माझ्या शेतकऱ्याकडे चकलीला कोणी फारसा हात लावत नाही पण शंकरपाळ्यांचा डबा दुसऱ्या दिवशी रिकामा असतो. हरीण मिळालं तर थोडं मांस किंवा सॉसेज द्यायचं, पण त्याआधी सीडब्ल्यूडीची टेस्ट करून घ्या. हा हरणांचा रोग राज्यात पहिल्यांदा २००२ मध्ये इथेच माउंट होरेबजवळ सापडला, टेस्ट फुकट असते. रिपोर्ट यायच्या आत कोणाच्या घरी मांस पाठवायचं नाही.

आणखी एक, बाण लागलेलं हरीण कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या रानात पडलं तरी तिकडे पाय टाकायचा नाही, तिथली परवानगी वेगळी. माझं असंच झालं, रात्री आठला धनुष्य गाडीत ठेवून शेजाऱ्याची बेल वाजवली, मनात धाकधूक. त्याने दोन मिनिटं ऐकून घेतलं, आत जाऊन मोठी बॅटरी आणली आणि स्वतःच पुढे चालायला लागला. शेतावर गेलात की चारी बाजूच्या शेजाऱ्यांचे फोन नंबर मालकाकडून तेव्हाच मागून घ्या.