जुन्या घरातला गळका शॉवर: टाइल्स फोडण्याआधी हे तपासा

इंदुरात रामबागेकडच्या जुन्या घरांत भिंतीतले पाइप बरेचदा जी.आय.चे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे असतात. ते आतून गंजतात, वर बोअरिंगच्या जड पाण्याचा क्षार बसतो. तरीही भिंत ओली दिसली की लगेच छिन्नी-हातोडा नको.

दोन दिवस तिथे आंघोळ बंद ठेवा, पाइपात पाणी मात्र भरलेलं राहू द्या. ओल तशीच वाढली तर पाइप गळतोय. सुकू लागली तर दोष फरशीत, पाणी जाण्याच्या जाळीच्या सांध्यात किंवा नळापुढच्या शॉवरच्या दांडीत असू शकतो. फरशी-जाळीची खात्री करायला जाळीत कापडाचा बोळा घट्ट कोंबा, इंचभर पाणी भरा आणि 24 तासांनी खालचं छत बघा.

शॉवर बंद केल्यावर थोडा वेळ ठिबकतोच, दांडीत उरलेलं पाणी असतं ते. तासाभरानेही टपटपत असेल तर वॉशर गेला. टाकीचा वॉल्व्ह बंद करून स्पिंडल (नळाच्या मुठीखालचा फिरणारा दांडा) काढा आणि जुना वॉशर दाखवूनच नवा आणा. वॉशर जिथे टेकतो ती आतली बैठक बोटाने चाचपा. खाच लागली तर नवा वॉशरही लवकरच कापला जाईल, तेव्हा नळच बदला.

दांडीचा सांधा गळत असेल तर आटे ब्रशने घासा, टेफ्लॉन टेपचे 8-10 वेढे आट्यांच्या दिशेनेच द्या. हाताने आवळा, मग पान्याने जेमतेम अर्धा-पाऊण फेरा. जास्त जोर लावला तर भिंतीतला गंजका एल्बो (वळणाचा जोड) तडकतो, आणि मग टाइल्स फोडण्यावाचून इलाज नाही.

टाइल्सच्या फटींतला भुसभुशीत पांढरा सिमेंट 2-3 मिलिमीटर खरवडून, पूर्ण सुकवून, इपॉक्सी ग्राउट भरा. जुन्यावरच नवा थर फासला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो.